विकास धोरणात स्थानिक स्वराज्य संस्था आणि नागरी संघटना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशी मदतीचे किंवा जागतिक विकासाचे धोरण ठरताना नगरपालिका, जिल्हा पातळीवरची मंडळे, त्यांचे महासंघ आणि नागरी संघटना यांना कसे सामील करून घ्यावे आणि त्यांनी स्वतः त्यात कसे शिरावे, याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरे दोन्ही बाजूंसाठी आहेत : बोलावणाऱ्यांसाठी आणि ज्यांना बोलावणे येते (किंवा येत नाही) त्यांच्यासाठी.

धोरण राजधानीत ठरते. त्यात नगरपालिकेचा किंवा लहान संस्थेचा संबंध येतोच कुठे?

पिण्याचे पाणी, सांडपाणी, घनकचरा, प्राथमिक आरोग्य, जमीनवापराचे नियोजन ही कामे बहुतेक देशांत पूर्णतः किंवा अंशतः स्थानिक स्वराज्य संस्थांकडे असतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकासाच्या १७ उद्दिष्टांखाली १६९ लक्ष्ये आहेत. त्यांतली किमान १०५ लक्ष्ये प्रादेशिक आणि स्थानिक सरकारांना बरोबर घेतल्याशिवाय गाठता येणार नाहीत, असा ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेचा अंदाज आहे. विकासाच्या वित्तपुरवठ्यावरील त्याच वर्षीच्या अदिस अबाबा कृती आराखड्यातही कबुली आहे की खर्चाची जबाबदारी खालच्या पातळीवर सरकते आहे, पण ती पेलायला लागणारा निधी आणि तांत्रिक बळ तिथे अनेकदा नसते.

नेहमीचे चित्र असे. केंद्र सरकार आणि निधी देणारी संस्था करारावर सह्या करतात, जलशुद्धीकरण केंद्र उभे राहते, आणि त्याचे वीजबिल, रसायने व देखभाल नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात येऊन पडते. करार ठरताना तिला कोणी विचारलेले नसते, त्यामुळे पाणीपट्टीत तशी वाढ नसते, प्रशिक्षित तंत्रज्ञांची पदे मंजूर नसतात. पहिला मोठा पंप बिघडला की केंद्र थांबते. नागरी संघटनांचा संबंध वेगळ्या बाजूने येतो : कोणत्या वस्तीत नळ पोचला नाही आणि का पोचला नाही, हे सरकारी सरासरीत दिसत नाही. ते त्या वस्तीत काम करणाऱ्यांना माहीत असते.

हा सहभाग म्हणजे कायदेशीर हक्क आहे का?

बहुतांशी नाही. हातात आहेत ती राजकीय वचने. १९९२ च्या रिओ पर्यावरण व विकास परिषदेतील अजेंडा २१ या कृती आराखड्याने नऊ 'प्रमुख गट' मान्य केले. त्यांत स्थानिक प्राधिकरणे आणि बिगरसरकारी संस्था दोन्ही होत्या. मदतीच्या परिणामकारकतेवरील २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्याचा सगळा भर सरकार ते सरकार संबंधांवर होता. त्याच मालिकेतल्या २००८ च्या आक्रा कृती कार्यक्रमाने नागरी संघटनांना स्वतःच्या बळावर उभे असलेले विकासकर्ते मानले. २०११ मध्ये बुसानला झालेल्या पुढच्या बैठकीत त्यांचा प्रतिनिधी थेट वाटाघाटीच्या टेबलावर होता. जुलै २०२१ मध्ये ओईसीडीच्या विकास साहाय्य समितीने (देणगीदार देशांची समिती) नागरी समाजाला पोषक वातावरण देण्याबाबत शिफारस स्वीकारली. तीही बंधनकारक नाही, पण ती मान्य करणाऱ्या देशांना अंमलबजावणीचा आढावा द्यावा लागतो.

बंधनकारक तरतुदी पर्यावरणाच्या क्षेत्रात सापडतात : माहिती, सहभाग आणि न्याय मिळण्याबाबतचा, मुख्यतः युरोपसाठीचा १९९८ चा आर्हुस करार आणि लॅटिन अमेरिका व कॅरिबियनसाठी तसाच २०१८ चा एस्काझू करार. मूलनिवासी समुदायांबाबत आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८९ चा १६९ क्रमांकाचा करार आहे. तुमच्या देशाने यांपैकी कशाला मान्यता दिली आहे, हे आधी तपासा. दिली असेल तर पत्राचा सूर बदलतो. नसेल तर संबंधित देणगीदार देशाने ज्यावर सही केली आहे त्या दस्तऐवजाचे कलम उद्धृत करा. "आम्हालाही बोलवा" या विनंतीपेक्षा कलमाचा हवाला दिलेले पत्र फाइलवर जास्त काळ टिकते.

दोघांनाही 'भागधारक' म्हणून एकाच रांगेत बसवले तर काय बिघडते?

बरेच काही. नगरपालिका ही राज्यव्यवस्थेचा भाग असते. ती निवडून आलेली असते, कर लावते, नियम करते, तिच्या हिशेबाचे शासकीय लेखापरीक्षण होते. नागरी संघटनेला लोकांनी मतदान केलेले नसते, आणि त्यातच तिची ताकद असते : ती एखाद्या लहान, नावडत्या किंवा मतदानाचा अधिकारही नसलेल्या गटाची बाजू मांडू शकते. एकीला विचारायचे ते "हे चालवायचे कोणी आणि कशाच्या जोरावर". दुसरीला विचारायचे ते "यातून कोण सुटले आणि कोणाचे नुकसान होते". एकाच सभागृहात, प्रत्येकी तीन मिनिटे देऊन, दोन्ही उत्तरे अर्धीच मिळतात.

युरोपीय संघाचा अनुभव पाहण्यासारखा आहे. २००७ ते २०१३ या काळात बिगरराज्य घटक आणि स्थानिक प्राधिकरणे एकाच कार्यक्रमाखाली होती. पुढे २०१२ मध्ये नागरी समाजावर आणि २०१३ मध्ये स्थानिक प्राधिकरणांवर स्वतंत्र धोरणपत्रे निघाली. म्हणजे वेगळेपण कागदावर मान्य झाले. मात्र २०२१ ते २०२७ च्या रचनेत नागरी संघटनांसाठी विषयवार कार्यक्रम राहिला आणि स्थानिक प्राधिकरणांचे काम प्रामुख्याने देशवार कार्यक्रमांत गेले. जुन्या सवयीने विषयवार निविदेची वाट पाहणाऱ्या नगरपालिकांना ती आता तिथे सापडणार नाही. त्यांना देशाचा कार्यक्रम लिहिला जात असतानाच आत शिरावे लागते.

दोघांना कायमचे दूर ठेवा असा याचा अर्थ नाही. आधी वेगवेगळ्या बैठका आणि मग एक संयुक्त बैठक, हा क्रम सर्वांत कमी भांडणांचा आहे.

खरी सल्लामसलत आणि निव्वळ उपचार यांतला फरक कसा ओळखावा?

निमंत्रण आल्यावर परत चार प्रश्न लेखी विचारा.

- मसुद्यातला कोणता भाग अजून बदलू शकतो?
- अंतिम निर्णय कोण, कोणत्या तारखेला घेणार?
- आलेल्या सूचनांना लेखी उत्तर मिळणार का, आणि कधी?
- प्रवास, मुक्काम, भाषांतर यांचा खर्च कोणाचा?

पहिल्या प्रश्नाला "सर्वच खुले आहे" असे उत्तर आले तर सावध व्हा. कुठलाच मसुदा सर्वार्थाने खुला नसतो. एकूण रकमेची मर्यादा, प्राधान्यक्षेत्रे, भागीदार सरकारशी झालेली बोलणी आधीच ठरलेली असतात. जो अधिकारी "ही तीन क्षेत्रे ठरली आहेत, पण क्षेत्रांतर्गत भौगोलिक निवड आणि अंमलबजावणीची पद्धत बाकी आहे" असे सांगतो, त्याच्या बैठकीला जाण्यात अर्थ आहे.

नेमके कोणत्या टप्प्यावर शिरायचे?

नावे बदलली तरी बहुतेक मोठ्या देणगीदारांचे चक्र सारखे असते : देशाचे विश्लेषण, बहुवार्षिक कार्यक्रम, वार्षिक कृती आराखडा, प्रकल्पाची रचना, अर्ज मागवणे, अंमलबजावणी, मूल्यमापन. दर टप्प्याला बदलाची जागा आक्रसत जाते.

विश्लेषणाच्या टप्प्यावर एखादा विषय यादीत आणता येतो. इथे लागते ते आकडे असलेले दोन पानी टिपण; तक्रारींचा पाढा चालत नाही. बहुवार्षिक कार्यक्रमाच्या टप्प्यावर क्षेत्रांची निवड आणि पैशाची ढोबळ विभागणी ठरते. "सुशासन" या क्षेत्राखाली विकेंद्रीकरणाचा उल्लेख एका वाक्याने झाला तरी पुढची पाचसात वर्षे त्या वाक्याच्या आधारावर निधी मागता येतो, आणि तेवढे वाक्य नसेल तर चांगला प्रस्तावही "कार्यक्रमात बसत नाही" म्हणून परत येतो. वार्षिक आराखड्यात अंमलबजावणीची वाट ठरते : पैसा सरकारी तिजोरीतून जाणार, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेमार्फत जाणार, की थेट अनुदान म्हणून. प्रकल्परचनेत निर्देशक, भूभाग आणि देखभालीची जबाबदारी यांवर बोलता येते. अर्ज मागवले गेले की धोरणावर बोलण्याची वेळ संपलेली असते. तिथे फक्त नियम पाळून अर्ज करायचा.

बहुतेक संघटना नेमक्या याच शेवटच्या टप्प्यावर जाग्या होतात, कारण जाहिरात तेव्हाच दिसते. उपाय कंटाळवाणा आहे : प्रमुख देणगीदारांच्या कार्यक्रमांचे कालखंड, मध्यावधी आढाव्याचे वर्ष आणि पुढच्या कार्यक्रमाची तयारी सुरू होण्याचा अंदाज एका तक्त्यात लिहून ठेवा आणि तो दर सहा महिन्यांनी पाहा. मध्यावधी आढावा ही दुर्लक्षित संधी आहे. तिथे पैसा एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात हलू शकतो.

बैठक आम्हीच बोलावणार आहोत. तयारी कशी करावी?

मसुदा किमान तीन आठवडे आधी पाठवा. महासंघाला तो सदस्यांकडे पाठवून, मते गोळा करून, आपली भूमिका ठरवायला एवढा वेळ लागतोच. आठवडाभरात आलेली 'महासंघाची भूमिका' ही त्याच्या सचिवाची भूमिका असते. पूर्ण खुल्या सल्लामसलतीला युरोपीय आयोग साधारण १२ आठवडे देतो, ते प्रमाण धरायला हरकत नाही. सोबत मूळ शंभर पानांऐवजी चारपाच पानांचा सारांश द्या आणि त्यात ज्यांवर मत हवे ते पाच ते सात प्रश्न ठळक लिहा. सारांश स्थानिक भाषांत असू द्या. दुभाष्यांना कागद दोन दिवस आधी मिळाले पाहिजेत, नाहीतर तांत्रिक शब्दांवर अडखळण्यात निम्मी बैठक जाते.

एका गटचर्चेत १२ ते १५ पेक्षा जास्त माणसे नकोत. पहिले भाषण मंत्री किंवा राजदूतांचे ठेवू नका. ते बोलून निघून जातात, आणि ज्यांनी ऐकायचे तेच खोलीत नसतात. निर्णय घेणारा अधिकारी शेवटच्या सत्रात असेल अशी वेळ साधा. प्रवासखर्च आगाऊ द्या. नंतर भरपाई देण्याची पद्धत वाजवी वाटते, पण ज्यांच्याकडे बसभाड्याचीही सोय नाही त्यांना ती गुपचूप वगळते. शेतीचा हंगाम, निवडणुकीची आचारसंहिता, अंदाजपत्रकाचा महिना टाळा. पाळणाघराची सोय नसेल तर स्त्रियांची उपस्थिती घटते आणि मग "महिला प्रतिनिधी आल्याच नाहीत" असा शेरा इतिवृत्तात जातो.

आणि सर्वांत महत्त्वाचे : प्रतिसादाचा तक्ता. तीन रकाने पुरतात. कोणती सूचना आली, मान्य, अंशतः मान्य की अमान्य, कारण काय. सहा आठवड्यांच्या आत तो सर्वांना पाठवा. अमान्य सूचनांचे कारण स्पष्ट लिहिलेले असले तर लोक पुढच्या वेळी पुन्हा येतात. तक्ताच आला नाही तर दुसऱ्या फेरीला कनिष्ठ कर्मचारी पाठवले जातात आणि तिसऱ्या फेरीला कोणीच येत नाही.

प्रतिनिधी कोणी निवडायचे?

ज्यांचे प्रतिनिधित्व करायचे त्यांनी. मदत देणाऱ्याने किंवा मंत्रालयाने यादी केली की ओळखीच्या, राजधानीतल्या, इंग्रजी-फ्रेंचमध्ये अहवाल लिहू शकणाऱ्या पाचदहा संस्था पुन्हा पुन्हा दिसतात. एड्स, क्षयरोग आणि मलेरियाविरुद्धच्या जागतिक निधीची पद्धत इथे उपयोगी आहे. त्याच्या देशपातळीवरील समन्वय समित्यांत बिगरसरकारी सदस्य त्यांच्या त्यांच्या गटाने पारदर्शक आणि नोंद असलेल्या प्रक्रियेतून निवडावे लागतात, आणि हितसंबंधांच्या संघर्षाबाबत लेखी धोरण असावे लागते. हे पाळले गेले नाही तर निधीसाठीची पात्रताच अडचणीत येते.

स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी राष्ट्रीय महासंघाकडून सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. महासंघांवर मोठ्या शहरांचे वर्चस्व असते, आणि काही देशांत सत्ताधारी पक्षाचेही. त्यामुळे निमंत्रणातच लहान नगरे, ग्रामीण मंडळे आणि विरोधी पक्षाच्या ताब्यातील संस्था यांच्यासाठी जागा राखून मागा. पदाधिकारी आणि मुख्य अधिकारी दोघेही हवेत. पदाधिकाऱ्याजवळ जनादेश असतो, पण गेल्या वर्षी पाणीपट्टी किती वसूल झाली हे अधिकाऱ्याला विचारावे लागते.

"तुम्ही कोणाचे प्रतिनिधी?" हा प्रश्न नागरी संघटनांना हमखास विचारला जातो आणि तो गैर नाही. सदस्यसंख्या, कामाचे क्षेत्र, निधीचे स्रोत आणि निर्णय कसे होतात हे एका पानावर लिहून जवळ ठेवा. नागरी संघटनांनी आपल्या कामाच्या परिणामकारकतेसाठी २०१० मध्ये मान्य केलेली इस्तंबूल तत्त्वे, एकूण आठ, स्वतःची तपासणी करायला पुरेशी आहेत.

संयुक्त राष्ट्रांपर्यंत थेट पोचता येते का?

संघटनांना येते. आर्थिक व सामाजिक परिषदेच्या १९९६/३१ या ठरावानुसार सल्लागार दर्जा मिळतो : सर्वसाधारण, विशेष आणि सूचीतला. संस्था नोंदणीनंतर किमान दोन वर्षे जुनी असावी लागते. घटना, नोंदणीपत्र, हिशेबपत्रक आणि प्रश्नावली जोडून १ जूनपर्यंत अर्ज केला तर तो पुढच्या वर्षी १९ सदस्य देशांच्या समितीपुढे येतो. कोणताही सदस्य देश जादा प्रश्न विचारू शकतो, आणि प्रश्न विचारला की अर्ज पुढच्या सत्रावर जातो. मानवाधिकारांवर काम करणाऱ्या संस्थांचे अर्ज असे वर्षानुवर्षे लांबलेले आहेत. म्हणून उत्तरे त्याच दिवशी, मोजकी आणि कागदपत्रांशी जुळणारी द्या.

दर्जा मिळाल्यावर सर्वसाधारण दर्जाच्या संस्थेला २,००० शब्दांपर्यंत आणि विशेष दर्जाच्या संस्थेला ५०० शब्दांपर्यंत लेखी निवेदन देता येते. या दोन्ही दर्जांच्या संस्थांना दर चार वर्षांनी अहवाल द्यावा लागतो. तो चुकला की आधी स्थगिती आणि मग दर्जा रद्द. बऱ्याच संस्था नेमक्या इथे गळतात, कारण अर्ज करणारी व्यक्ती तोवर नोकरी सोडून गेलेली असते.

नगरपालिका सरकारी असल्यामुळे तिला हा मार्ग नाही. तिचा आवाज महासंघांमधून जातो : २००४ मध्ये स्थापन झालेली, बार्सिलोनात मुख्यालय असलेली 'युनायटेड सिटीज अँड लोकल गव्हर्नमेंट्स' आणि २०१३ पासून अशा जाळ्यांना एकत्र आणणारा 'ग्लोबल टास्कफोर्स'. शाश्वत विकास उद्दिष्टांचा आढावा घेणाऱ्या, दरवर्षी जुलैत भरणाऱ्या उच्चस्तरीय राजकीय मंचात स्थानिक प्राधिकरणांचा प्रमुख गट बोलू शकतो. आपल्या देशाच्या शिष्टमंडळात महापौरांना घ्यायला लावणे हा दुसरा मार्ग, आणि प्रत्यक्षात तोच जास्त उपयोगी.

'स्वैच्छिक स्थानिक आढावा' करावा का?

शाश्वत विकास उद्दिष्टांबाबतची आपली प्रगती शहराने स्वतःहून तपासून मांडणे म्हणजे हा आढावा; देश आपला असाच आढावा उच्चस्तरीय राजकीय मंचात मांडतो. देशाचा आढावा येणार असेल तर जरूर. २०१८ मध्ये न्यूयॉर्क शहराने आणि जपानमधील किताक्युशू, तोयामा व शिमोकावा यांनी असे आढावे सादर केले आणि ही पद्धत पसरली. त्याला ठरलेला नमुना नाही. सर्व १७ उद्दिष्टे घेण्याचा मोह टाळा, पाचसहा पुरेत. आकडे शहराच्या स्वतःच्या नोंदींतून घ्या आणि ते वस्तीनिहाय फोडून दाखवा, कारण राष्ट्रीय सर्वेक्षणे या पातळीपर्यंत क्वचितच उतरतात. काम सुरू करण्याची वेळ राष्ट्रीय आढाव्याच्या आठदहा महिने आधी. उशिरा केलेला आढावा सुंदर छापला जातो आणि राष्ट्रीय अहवालात एका चौकटीपुरता उरतो. त्रुटी लपवलेला आढावा तर करूच नये; तो निधी मागतानाच आडवा येतो.

पैसा खालपर्यंत का पोचत नाही?

कारणे एकात एक गुंतलेली आहेत. अनेक देशांत नगरपालिकेला परदेशी अनुदान थेट घेता येत नाही. केंद्रीय वित्त मंत्रालयाची परवानगी किंवा मध्यस्थ खाते लागते. देणगीदाराकडे मोजकेच कर्मचारी असतात, आणि दहा लहान करारांना एका मोठ्या कराराच्या दहापट देखरेख लागते, म्हणून ते एक मोठा करार करतात. तो मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेला मिळतो, ती उपकंत्राटे देते, आणि प्रत्येक पायरीवर प्रशासकीय खर्च कापला जातो. मोठे देणगीदार आणि मदतसंस्था यांच्यातील २०१६ च्या 'ग्रँड बार्गेन' करारात मानवतावादी मदतीपैकी किमान २५ टक्के निधी शक्य तितक्या थेटपणे स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांना देण्याचे ठरले. मुदत २०२० ची होती. एकत्रित पातळीवर ते लक्ष्य गाठले गेले नाही.

थेट मिळालेल्या पैशातही खाचा आहेत. युरोपीय संघाच्या अनुदानांत अप्रत्यक्ष खर्च पात्र थेट खर्चाच्या जास्तीत जास्त ७ टक्के धरता येतो. भाडे, लेखापाल, संगणक हे सगळे त्यात बसत नाही, म्हणून अंदाजपत्रक करतानाच लेखापालाचे प्रकल्पासाठीचे तास थेट खर्चात दाखवा. शेवटचा हप्ता अंतिम अहवाल मंजूर झाल्यावरच मिळतो. तोवरचे महिने कोणत्या पैशावर काढायचे याची सोय सही करण्यापूर्वी करून ठेवा. स्वहिस्सा लागणार असेल तर तो पालिकेच्या ठरावात आणि अंदाजपत्रकात आलेला हवा, महापौरांचे पत्र पुरत नाही. नाकारला जाणारा खर्च बहुधा तीन ठिकाणी असतो : खरेदीची दरपत्रके न घेणे, वेळपत्रके मागाहून एकदम भरणे, आणि विनिमय दराचा चुकीचा महिना.

लहान संस्थांसाठी उपअनुदान, म्हणजे अनुदान मिळालेल्या संस्थेने त्यातला काही भाग पुढे दुसऱ्या संस्थेला देणे, हा व्यवहार्य मार्ग आहे. युरोपीय संघाच्या नियमांत एका त्रयस्थाला साधारणपणे ६०,००० युरोंपर्यंत असे देता येते, मात्र मूळ करारात निकष आणि प्रक्रिया आधी लिहिलेली असावी लागते. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी त्याहून टिकाऊ मार्ग म्हणजे देशाच्या नेहमीच्या वित्तीय हस्तांतरणावर कामगिरीवर आधारित जादा अनुदान. संयुक्त राष्ट्र भांडवल विकास निधीची 'लोकल' योजना २०११ पासून, भूतान आणि कंबोडियापासून सुरू होऊन, हवामान अनुकूलनासाठी हेच करते : किमान अटी, वार्षिक मूल्यमापन, त्यानुसार रक्कम. यात समांतर खाती उघडत नाहीत आणि प्रकल्प संपला तरी पद्धत उरते. आमच्या मते स्वतंत्र प्रकल्प कक्ष काढण्यापेक्षा ही वाट नेहमीच सरस, जरी फित कापण्याची संधी त्यात कमी असली तरी.

शहर ते शहर सहकार्य उपयोगी आहे की पर्यटन?

दोन्ही होते. विषय अरुंद असेल, दोन्ही बाजूंनी समकक्ष तंत्रज्ञ असतील, करार तीन वर्षांपेक्षा लांब असेल आणि सभेचा ठराव झालेला असेल, तर पाणीगळती मोजणे, मालमत्ता कराच्या नोंदी, कचरा संकलनाचे मार्ग अशा कामांत त्याला तोड नाही. सल्लागार कंपनीला जे कळत नाही ते शेजारच्या खुर्चीवरच्या अभियंत्याला कळते. फ्रान्समध्ये २००५ च्या उदँ-सँतिनी कायद्याने तिथल्या स्थानिक संस्थांना पाणी व सांडपाणी सेवेच्या अंदाजपत्रकातील १ टक्क्यापर्यंत रक्कम आंतरराष्ट्रीय सहकार्यावर खर्चता येते. महापौरांच्या मैत्रीवर उभे राहिलेले सहकार्य मात्र निवडणुकीबरोबर संपते.

केंद्र सरकारलाच हे नको असेल तर?

स्थानिक स्वराज्य संस्थांनी उघड संघर्ष टाळून महासंघाला पुढे करावे, आणि विषय तांत्रिक ठेवावा : देखभाल खर्च, वसुली, मनुष्यबळ. नागरी संघटनांची अडचण अधिक कठीण असते. परदेशी निधीवरचे निर्बंध बऱ्याचदा दहशतवादाला होणारा अर्थपुरवठा रोखण्याच्या नावाखाली येतात. त्या संदर्भातली आंतरराष्ट्रीय वित्तीय कृती दलाची (एफएटीएफ) ना-नफा संस्थांबाबतची आठवी शिफारस २०२३ मध्ये सुधारली गेली, आणि उपाय जोखमीच्या प्रमाणात व नेमकेच असावेत, सर्व संस्थांवर सरसकट नसावेत, असे तीत स्पष्ट आहे. बँकेने पैसे अडवल्यास हा मुद्दा लेखी मांडता येतो.

देणगीदारांनी एक पथ्य पाळावे. बैठकीची उपस्थितीयादी, छायाचित्रे आणि वक्त्यांची नावे परवानगीशिवाय प्रसिद्ध करू नयेत. एका उत्साही प्रसिद्धीपत्रकामुळे एखाद्याच्या दारात पोलीस येऊ शकतात.

निधी घेणारी संस्था टीका कशी करणार?

एकाच करारातून सेवा पुरवणे आणि त्याच सेवेवर देखरेख करणे, हे करू नये. देखरेखीचे काम दुसऱ्या संस्थेला किंवा दुसऱ्या स्रोतातून द्यावे. ओईसीडीच्या आकडेवारीत संस्थांना त्यांच्या स्वतःच्या एकूण कामासाठी दिलेला मूळ निधी आणि संस्थांमार्फत खर्चलेला ठरावीक कामाचा निधी वेगवेगळा मोजला जातो. स्वतंत्रपणे बोलण्याची मुभा पहिल्या प्रकारात असते, आणि तो नेहमीच कमी असतो.

सहभाग झाला हे मोजायचे कसे?

डोकी मोजू नका. किती सूचना आल्या, त्यांतल्या कितींना लेखी उत्तर मिळाले, मसुद्यातले कोणते परिच्छेद बदलले, मंजूर निधीपैकी किती टक्के रकमेवर स्थानिक संस्थेचा निर्णयाधिकार आहे, आणि बैठकीपासून निर्णयापर्यंत किती दिवस होते, एवढे पुरे. शेवटचा आकडा शून्य किंवा उणे आला, म्हणजे निर्णय आधीच झाला होता, तर बाकीचे मोजायची गरज नाही.

प्रकल्पामुळे नुकसान होत असेल तर तक्रार कुठे?

आधी प्रकल्पाच्या तक्रार निवारण यंत्रणेकडे. जागतिक बँकेच्या २०१८ पासूनच्या पर्यावरण व सामाजिक चौकटीत ती असणे आवश्यक आहे. मग बँकेच्या व्यवस्थापनाकडे लेखी. तरीही तोडगा निघाला नाही तर १९९३ पासून असलेल्या तपासणी पॅनेलकडे दोन किंवा अधिक बाधित व्यक्ती, अथवा त्यांच्या वतीने स्थानिक संस्था, अर्ज करू शकतात. नाव गोपनीय ठेवण्याची विनंती करता येते. बँक समूहाच्या खासगी क्षेत्राला कर्ज देणाऱ्या शाखेसाठी वेगळा लोकपाल कार्यालयासारखा विभाग आहे, तिकडचा अर्ज पॅनेलकडे पाठवू नका. प्रत्येक टप्प्याची तारीख आणि पोच जपून ठेवा, कारण पॅनेल पहिला प्रश्न हाच विचारते.

आमच्याकडे या कामाला एकच कर्मचारी आहे. सुरुवात कुठून करावी?

आंतरराष्ट्रीय परिषदांपासून तर नक्कीच नको. पहिल्या महिन्यात आपल्या हद्दीत कोणते परदेशी निधीचे प्रकल्प चालू आहेत याची यादी करा. २००८ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय मदत पारदर्शकता उपक्रमाच्या खुल्या नोंदीत त्यांतले बरेचसे सापडतील. दुसऱ्या महिन्यात प्रत्येक प्रकल्पामुळे पालिकेवर पुढे किती आवर्ती खर्च येणार ते मुख्य लेखापालांकडून काढून घ्या. तिसऱ्या महिन्यात ते दोन पानांत मांडून महासंघाला, संबंधित मंत्रालयाला आणि देणगीदाराच्या देश-कार्यालयाला एकाच दिवशी पाठवा, आणि त्यात एकच मागणी ठेवा : पुढच्या आढावा बैठकीची तारीख व मसुदा किमान तीन आठवडे आधी मिळावा. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच पत्राची प्रत जोडून स्मरणपत्र, आणि आवक क्रमांक मागायला विसरू नका.